पाण्यातलं धनुष्य

माझ्या आयुष्यातली पहिली शिकार म्हणजे बासमती तांदळाचं एक पोतं. ते आमच्या जेद्द्याच्या फ्लॅटमध्ये, बैठकीच्या खोलीत, फ्रिजच्या शेजारी भिंतीला टेकून उभं होतं, आणि मी त्याच्यापासून फार तर चार हातांवर सोफ्यात बसलो होतो. नेम धरला नव्हता. खरं तर काहीच धरलं नव्हतं. नवीन आणलेल्या धनुष्याचा रबर एकदा ओढून बघावा, खाचेत नीट बसतो का बघावं, एवढाच माझा सरळ हेतू होता. रबर बसला. मग मी खुशीत येऊन ते धनुष्य जरा वर उचललं, बोट कुठेतरी लागलं, आणि फट्ट असा आवाज होऊन बाण पोत्यात वीतभर घुसला. त्या भोकातून तांदूळ एवढ्या शांतपणे, एवढ्या सावकाश जमिनीवर सांडायला लागले की मी आणि माझी धाकटी बहीण नजमा, दोघंही ते बघतच राहिलो. नजमानेच आधी तोंड उघडलं. ती स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाली, "अम्मा, मुनीरने भात मारला."

हे धनुष्य म्हणजे रामलीलेतलं धनुष्य नव्हे, हे आधी सांगायला हवं. ते आडवं असतं. लाकडाचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा हातभर-दोन हात दांडा, मागे बंदुकीसारखा घोडा, पुढे जाड रबर, आणि दांड्यावर लोखंडी बाण, ज्याच्या शेपटाला दोरी बांधलेली. ते पाण्याखाली मासे मारायचं हत्यार. ज्या फ्रेंच माणसाकडून मी ते घेतलं, तो त्याला त्याच्या भाषेत धनुष्यच म्हणत होता. जेद्द्याच्या कॉर्निशवर, म्हणजे समुद्राला लागून असलेल्या रस्त्यावर, संध्याकाळी आम्ही फिरायला जायचो तेव्हा सौदी तरुण पोरं तसलं धनुष्य खांद्यावर टाकून पाण्यातून वर येताना दिसायची. कमरेला तारेत ओवलेले मासे, अंगावरून पाणी निथळतंय, आणि चेहऱ्यावर काहीच घडलं नाही असा भाव. मी सतरा वर्षांचा, बरगड्या मोजता येतील असा. मला वाटायचं, जगात पुरुष झाल्याची खूण असेल तर ती हीच.

पण त्या वर्षी लढाई आली नसती तर मी नुसता बघतच राहिलो असतो. अब्बा जेद्द्याच्या बंदरात मालाच्या नोंदी ठेवायचे. मूळचे आम्ही रत्नागिरीकडच्या खाडीकाठचे, माझे आजोबा होडीवर होते, त्यांचे वडील होडीवर होते. अब्बा मात्र पाण्यातून निघून गोदीच्या काँक्रीटवर चढले ते परत उतरले नाहीत. कुवेत पडल्यापासून ते घरी येऊन रोज जहाजांबद्दल बोलायचे. आज अमुक जहाज आलंच नाही. आज तमुक जहाज बाहेरच उभं राहिलं. आज लष्करी माल उतरत होता, त्यामुळे तांदूळ-डाळीचं जहाज मागे ठेवलं. जेद्दा लढाईपासून फार लांब, क्षेपणास्त्रं पडत होती ती रियाध-दम्मामकडे, हे अब्बांनाही कळत होतं. पण बंदरातल्या माणसाला भीती आभाळातून येत नाही, ती न आलेल्या जहाजातून येते. आमच्या बिल्डिंगमधल्या खिडक्यांवर सगळ्यांनी चिकटपट्ट्यांच्या फुल्या मारल्या होत्या. अम्माने मारल्या नव्हत्या. ती म्हणाली, काच फुटली तर फुटली, पट्टीचा डिंक नंतर कोण खरवडणार. तिने त्याऐवजी तांदूळ भरले, गावाहून आलेलं आमसूल आणि सुकं खोबरं डब्यांतून नीट झाकून ठेवलं, आणि एरवी बाथरूममध्ये असणाऱ्या बादल्या पाणी भरून बेडरूममध्ये आणून ठेवल्या, ज्यात माझा पाय दर सकाळी पडायचा.

बिल्डिंगमधली बायका-मुलं एकेक करून गावी निघाली. अब्बांनी आमच्याही पासपोर्टवर जाण्यायेण्याचा शिक्का कफीलकडून, म्हणजे ज्याच्या जामिनावर ते तिथे नोकरी करत त्या सौदी मालकाकडून, मारून आणला आणि एका संध्याकाळी, चहाचा कप खाली ठेवता ठेवता, सांगून टाकलं की अम्मा, मी आणि नजमा गावी जाणार आणि ते इथे राहणार. अम्मा भाकरी थापत होती. तिने हात थांबवला नाही. तिचं म्हणणं थोडक्यात असं होतं की लग्नानंतरची पहिली काही वर्षं तिने खाडीकाठी बसून पत्राची वाट बघण्यात घालवली होती, आणि ते काम तिला एकदा करून झालं होतं. अब्बांनी विचारलं, जहाजं थांबली तर खायचं काय? तेव्हा मी, ज्याला कोणी काही विचारलं नव्हतं, मध्ये बोललो. म्हटलं, जहाज थांबेल, समुद्र कुठे थांबतोय? मी मासे आणीन.

अब्बांनी खाली ठेवलेला कप परत उचलला. मग म्हणाले, गळ घे आणि बस. मी म्हटलं, गळाला मासा त्याच्या सवडीने येणार. लढाईच्या दिवसांत आपण माशाकडे गेलं पाहिजे. हे वाक्य मला तेव्हा फार भारदस्त वाटलं होतं. आज माझा मुलगा असलं काही बोलला तर मी त्याला सरळ भांडी घासायला लावीन.

त्या दिवसांत परदेशी लोकांच्या कंपाउंडमध्ये, म्हणजे भिंतीआडच्या त्यांच्या वसाहतींत, घरातलं सामान विकून जाणाऱ्यांची झुंबड होती. भाजीच्या दुकानाच्या काचेवर चिठ्ठ्या लागायच्या: सोफा, सायकल, काचेची माशांची पेटी, पियानो. त्यातल्या एका चिठ्ठीवर समुद्रातल्या शिकारीचं सामान असं लिहिलेलं मला दिसलं. आमच्या खालच्या मजल्यावर श्रीवर्धनचे हनीफचाचा राहायचे, ते एका हॉस्पिटलची बस चालवायचे आणि घासाघीस हा त्यांचा धर्मानंतरचा दुसरा आधार होता. ईदीचे पैसे साठवलेला दूधपावडरीचा डबा घेऊन मी त्यांच्याबरोबर निघालो. वाटेत त्यांनी मला नियम समजावला: तू बोलायचं नाही, वस्तूकडे प्रेमाने बघायचं नाही, आणि मी उठलो की उठायचं.

फ्रेंच माणूस खाऱ्या पाण्याचं गोडं करणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर होता. घर अर्धं खोक्यांत भरलेलं, बायको-मुलं आधीच गेलेली. गालिच्यावर त्याने तीन धनुष्यं मांडून ठेवली होती आणि मी नियम पहिल्याच क्षणी मोडला. सगळ्यात लांब होतं त्याचा दांडा सागवानी, तेल पाजून पाजून काळा-तांबडा झालेला, दोन रबरांचं, माझ्या छातीएवढं. त्याच्या शेजारी एक मधल्या लांबीचं, अ‍ॅल्युमिनियमचं, रंग उडालेलं, शाळेच्या बाकासारखं दिसणारं. आणि एक आखूड, हवेवर चालणारं, पिस्तुलासारखं. मी सागवानीवर हात ठेवला तो काढायला तयार नव्हतो.

फ्रेंच माणसाने माझ्याकडे बघितलं, सागवानी धनुष्याकडे बघितलं, आणि बाण काढून ते माझ्या हातात दिलं. म्हणाला, दांड्याचं टोक छातीला लाव आणि दोन्ही हातांनी रबर ओढून खाचेत बसव. मी ओढलं. रबर निम्म्यावर आला आणि तिथेच राहिला. मी आणखी ओढलं. माझी कानशिलं तापली, आणि हनीफचाचा समोरच्या भिंतीवरचं चित्र मन लावून बघायला लागले. शेवटी रबर माझ्या हातून सुटला. "कोरडं असताना तुला हे जमत नाही," तो इंग्रजीत म्हणाला, अगदी सौम्यपणे, "पाण्यात, श्वास रोखून, कसं जमणार?"

मग त्याने मला जे शिकवलं ते मी आजही विसरलेलो नाही, आणि पहिलं काहीही विकत घेताना मला ते आठवतं. म्हणाला, पहिलं धनुष्य नेहमी आपल्या ताकदीचं घ्यावं, आपल्या हौसेचं नाही. खडकांच्या कपारीत लांब दांडा वळत नाही, तेव्हा मधला बरा. आखूडाची हवा गळली तर इथे दुरुस्त कोण करणार, रबर मात्र कुठेही मिळतो. त्याने मधल्या धनुष्याचा बाण काढून फरशीवर लोळवला, तो खडखड न करता सरळ गेला. बाण वाकडा असेल तर दांडा सोन्याचा असला तरी उपयोग नाही, असं त्याचं मत. रबर ताणून उन्हात धरला, बारीक चिरा नाहीत हे दाखवलं. दोरी बोटांतून ओढून दाखवली. आणि शेवटी धनुष्याचा घोडा दोनदा दाबून, माझ्या डोळ्यांत बघत सांगितलं की हे बाण लावून पाण्याबाहेर कधीही, कधीही भरायचं नाही. मी मान हलवली. अगदी मनापासून हलवली. मागून तांदळाचं काय झालं ते सांगितलंच आहे.

हनीफचाचांनी आता खाकरून सूत्रं हातात घेतली आणि सांगितल्या किमतीच्या थेट निम्म्याला मागणी केली. फ्रेंच माणूस "ठीक आहे" म्हणाला. चाचा गडबडले. त्यांच्या आयुष्यात असं कधी झालं नव्हतं. त्यांनी सवयीने आणखी काहीतरी मागायचं म्हणून पाण्यातला चष्मा आणि पायात घालायचे पंख मागितले, तर त्या माणसाने तेही उचलून माझ्या हातात दिले, आणि वर श्वासाची नळी. त्याला फक्त खोली रिकामी करायची होती. परत येताना बसमध्ये चाचा पूर्ण रस्ता मनातल्या मनात हिशेब करत होते. घराजवळ आल्यावर हळहळत म्हणाले, "मुनीर, तिसऱ्या हिश्श्याने मागायला हवं होतं रे."

तर तांदूळ सांडले, अम्मा सुई-दोरा घेऊन आली, आणि अब्बा बंदरातून परतले तेव्हा बाण अजून पोत्यात होता, कारण मला तो निघत नव्हता. अब्बांनी बूट काढले. पोत्याजवळ उकिडवे बसले. बाण हळूच फिरवून बाहेर काढला, त्याच्या टोकावर अंगठा फिरवला आणि धनुष्य हातात घेऊन त्याचं वजन बघितलं. मी मार खायची तयारी केली होती. ते म्हणाले, "घरातलं धान्य मारून झालं. आता शुक्रवारी समुद्रातलं मार. चौघांना पुरेल एवढा मासा आणलास, तर कोणी गावी जाणार नाही. नाही आणलास, तर तिघं पुढच्या विमानाने जाल, आणि मग तुझ्या अम्मानेही काही बोलायचं नाही."

अम्माने दोरा दातांनी तोडला आणि मान हलवली. अब्बांची जबान म्हणजे जबान होती. ऑफिसातली पेन्सिलसुद्धा घरी न आणणारा माणूस. त्यामुळे त्या आठवड्यात माझ्या त्या उडालेल्या रंगाच्या धनुष्यावर आमचं अख्खं घर टांगलेलं होतं, असं मी समजत होतो. नजमा रोज सकाळी माझे दंड दाबून बघायची आणि "आपण गावीच जाणार" म्हणून आपल्या बाहुल्या बांधून ठेवायची.

शुक्रवारी सकाळी अब्बांनी गाडी काढली. निघताना अम्माने एकच गोष्ट बजावली: बाण सोडताना बिस्मिल्ला म्हणायला विसरू नको. शहराच्या उत्तरेला, वस्ती संपल्यावर, किनारा नुसता वाळूचा आणि खडकांचा. हिवाळ्यातलं ऊन, उत्तरेचा बोचरा वारा. अब्बांनी चटई टाकली, थर्मास ठेवला, कानाशी रेडिओ लावला. मी फ्रेंच माणसाचे पंख पायात घातले. ते इतके मोठे होते की आत अब्बांचे मोजे कोंबावे लागले. पाण्यापर्यंत मी बदकासारखा चालत गेलो आणि पाठीमागे अब्बा हसले की खोकले हे मला आजही माहीत नाही.

आधी गुडघाभर पाण्याचं प्रवाळाचं पठार होतं. त्यावर पोटावर तरंगत, काठाकाठाने सरकत जायचं. मी चष्म्यातून खाली बघत होतो: पांढरी वाळू, करडे खडक, काळे काटेरी गोळे. मनात म्हटलं, एवढंच आहे होय. आणि मग खालची जमीन संपली.

हे मला नीट सांगता येईल असं वाटत नाही, पण प्रयत्न करतो. समजा तुम्ही गच्चीवर रांगत आहात, आणि कठडा नाही, आणि तुमच्या छातीखालून गच्ची अचानक निघून गेली, आणि तुम्ही पडला नाहीत. खाली भिंत होती, सरळ उभी, निळ्या अंधारात उतरत गेलेली, आणि त्या भिंतीवर जागा मोकळी अशी नव्हतीच. जांभळे पंखे, पिवळ्या फांद्या, शेवाळी घुमट, आणि त्यांच्यातून नारिंगी माशांचे थवे, कुणी अक्षता उधळाव्यात तसे, उधळले जायचे आणि परत एका जागी यायचे. मी खाडीकाठचा मुलगा, मासा मला माहीत होता तो टोपलीतला, बर्फावरचा, कढईतला. मासा जिवंत असताना एवढा रंगीत असतो हे आमच्या घराण्यात कुणी सांगितलं नव्हतं. आणि आवाज. मी समजत होतो समुद्राखाली शांतता असते. तिथे तर बाजार भरला होता. कट, कट, कट असा सगळीकडून बारीक चावण्याचा आवाज येत होता. नीट बघितलं तर निळे-हिरवे, पोपटाच्या चोचीचे मासे प्रवाळ कुरतडत होते आणि मागून पांढरी वाळू सोडत होते. म्हणजे ज्या वाळूवर अब्बा बसलेत ती यांनी चावून काढलेली, हे मला तिथेच, पाण्यावर पालथं पडल्या पडल्या कळलं, आणि मला उगीचच त्या माशांना सलाम करावासा वाटला.

पण मी शिकारीला आलो होतो. श्वासाच्या नळीतून धापा टाकत मी रबर ओढला, खाचेत बसवला, आणि भिंतीच्या एका कपारीत मला हमूर मासा दिसला. तपकिरी, ठिपक्यांचा, जाड ओठांचा, अगदी चौघांच्या पोटापुरता. तो तोंड उघडत होता, मिटत होता, दुपारच्या वेळी दुकानात बसलेल्या शेटजीसारखा. मी दम घेतला, खाली बुडी मारली, धनुष्य सरळ धरलं. सगळं फ्रेंच माणसाने सांगितल्याप्रमाणे. घोड्यावर बोट. आणि मी बिस्मिल्ला म्हणालो.

पाण्याखाली. तोंड उघडून.

तांबडा समुद्र इतर समुद्रांपेक्षा खारट असतो असं भूगोलात शिकलो होतो, त्याचा पडताळा तेव्हा आला. बाण कुठे गेला ते मी पाहिलं नाही. दगडावर टिंग असा आवाज आला एवढं आठवतं. वर येऊन मी खोकलो, नाकातून पाणी काढलं, दोरी ओढून बाण गोळा केला. हमूर अर्थातच दुकान बंद करून गेला होता. गंमत म्हणजे माशाला ते म्हणावंच लागत नाही. समुद्रातलं सगळं आधीच हलाल, हे मदरशात आम्हाला पाठ करून घेतलं होतं. पण अम्माने सांगितलेलं आणि मदरशात शिकलेलं यांत आमच्या घरी कधी प्रश्न पडला नाही.

मी परत रबर ओढला.  या वेळी मनातल्या मनातच म्हणायचं ठरवून मी भिंतीच्या कडेने सरकत होतो, तेव्हा खालच्या निळ्यातून काहीतरी वर आलं. आधी सावली वाटली. मग ती सावली हिरवी झाली. मासा होता, पण आमच्या घरातल्या कपाटाएवढा, कपाळावर टेंगूळ, गालांवर कुणीतरी बारीक बोरूने नक्षी काढल्यासारख्या रेघा. अरब लोक त्याला तरबानी म्हणतात, हे नंतर कळलं. तो घाईत नव्हता. माझ्यापासून हातभर अंतरावर थांबला, आणि त्याचा डोळा फिरला. माशाचा डोळा फिरतो हे मला माहीत नव्हतं. आधी माझ्या चष्म्याकडे बघितलं, मग धनुष्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे. अब्बांनी पोत्यापाशी बसून बघितलं होतं, तसं.

मी त्याला सोडून दिलं, माझ्या मनात दया दाटून आली, असं लिहायला मला आवडलं असतं. तसं काही नाही. माझ्या हातात धनुष्य आहे हेच मी विसरलो. आपलं घर, गाव, विमान, अब्बांची जबान, सगळं विसरलो. श्वास घ्यायचाही राहिला असेल. आणि तेवढ्यात पाणी थरारलं. आवाज नव्हे, छातीच्या पिंजऱ्यात काहीतरी घुमत गेलं. वरून एक मोठी काळी सावली प्रवाळावरून, भिंतीवरून, त्या माशाच्या पाठीवरून सरकत गेली, आणि समोरचे सगळे थवे, नारिंगी, पिवळे, चांदीचे, एकाच क्षणी, एकाच बाजूला वळले. कट-कट थांबलं. मी डोकं वर काढलं तर मोठं बॉम्बफेकी विमान डोक्यावरून उत्तरेकडे चाललं होतं, पंखांखाली इंजिनांची रांग, पोटात काय असेल ते असेल. इतकं मोठं, की ते हवेत राहतंय यावर विश्वास बसू नये. किनाऱ्यावर अब्बा उभे राहिले होते, रेडिओ हातात, मान वर. ते दिसेनासं होईपर्यंत आम्ही दोघंही तसेच होतो, ते वाळूत, मी पाण्यात. मी परत खाली बघितलं तेव्हा भिंत होती, निळं होतं, तरबानी नव्हता.

बाहेर आलो तेव्हा माझे ओठ निळे होते आणि हात रिकामे. अब्बांनी माशाबद्दल विचारलं नाही. टॉवेल दिला, चहा ओतला. म्हणाले, खाली काय आहे? मग मी जे सुरू झालो ते थांबेना. भिंत, पोपट, वाळू, डोळा. अब्बांनी माझं एवढं बोलणं त्याआधी कधी ऐकून घेतलं नव्हतं. मध्येच एकदा त्यांनी विचारलं, "डोळा फिरवला? खरंच?" आणि स्वतःच्या हाताने हवेत कपाटाएवढा मासा मोजून बघितला. मग पाण्याकडे बघत राहिले. आजोबांच्या होडीवर वाढलेला माणूस, रोज समुद्राच्या काठी नोकरीला जाणारा, आणि त्याने ते कधी पाहिलं नव्हतं.

गाडीत बसल्यावर मात्र मला रडू यायला लागलं. घरी गेल्यावर अम्माचा चेहरा कसा होईल ते दिसत होतं. मी म्हटलं, अब्बा, पुढच्या शुक्रवारी.  गाडी घराकडे न वळता बंदराजवळच्या मासळीबाजारापाशी थांबली. मला बसवून ते आत गेले आणि कागदात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आले. गाडीचं मागचं दार उघडलं, कागद उलगडला. हमूर, चांगला जाडजूड. मग मागून माझा बाण काढला, इकडेतिकडे बघितलं, आणि कल्ल्याच्या मागे, बरोबर जिथे लागायला हवा होता तिथे, तो आरपार घातला आणि काढला.

माझं तोंड उघडं राहिलं असणार, कारण ते जरा चिडूनच म्हणाले, "मी फक्त एवढंच म्हणणार आहे की मासा आणला. त्यात खोटं काय?"

त्या पार्किंगमध्ये, कानात अजून पाणी असताना, मला कळलं की अब्बांना आम्हाला पाठवायचं नव्हतं. आठवडाभर मी एकटाच धडपडतोय असं मला वाटत होतं, आणि हा माणूस माझ्यापेक्षा जास्त घाबरलेला होता, की मी खरंच रिकाम्या हाताने येईन. समुद्राखाली बघितलं त्यानेही मी एवढा थक्क झालो नव्हतो.

घराचं दार उघडलं तेव्हा वाटणाचा, आमसुलाचा वास आधीच जिन्यापर्यंत आला होता. अब्बांनी मासा अम्माच्या हातात दिला आणि ठरल्याप्रमाणे म्हणाले, "मासा आणला." अम्माने तो ओट्यावर ठेवला. भोक बघितलं. मग खाडीकाठच्या कुठल्याही बाईने केलं असतं तेच केलं, अंगठ्याने कल्ला उघडला. कल्ल्यातून बर्फाचा एक खडा बाहेर पडला आणि ओट्यावरून घसरत जाऊन माझ्या पायाशी थांबला.

"बराच गारठलाय हो," अम्मा म्हणाली.

"हिवाळा आहे," अब्बा म्हणाले.

मग ते कढईजवळ गेले आणि झाकण उचललं. आत रश्श्यात हमूरचे तुकडे उकळत होते. बाजूच्या ताटात डोकं काढून ठेवलेलं. अब्बा त्या डोक्याकडे बघत राहिले. अम्माने पदराने हात पुसला आणि म्हणाली, सकाळी हनीफभाई बाजारात जात होते, त्यांना सांगितलं होतं, चौघांना पुरेल एवढा बघून आणा. मी दारात आलो की तिने माझ्याकडून पिशवी घेतली असती, आणि ती रिकामी असली तरी हाच मासा माझा म्हणून वाढला असता. भोक पाडायचं मात्र तिला सुचलं नव्हतं.

मी दोघांच्या मध्ये उभा होतो. माझ्यावर दोघांचाही इतका पूर्ण अविश्वास मी त्याआधी आणि त्यानंतर कधी अनुभवला नाही. अब्बा हसायला लागले. कुवेत पडल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं, आणि ते हसणं थांबेना, ते ओट्याला धरून खाली बसले, चष्मा काढला, डोळे पुसले, आणि पुसतच राहिले. अम्मा त्यांच्याजवळ जमिनीवर बसली. "जहाज येवो, न येवो," ती म्हणाली, "एका घरात बसून खाऊ." नजमा बाहुल्यांचं गाठोडं सोडायला गेली. जुम्म्याची अजान झाली तशी अब्बा उठले, तोंड धुतलं, आणि आम्ही नमाजाला गेलो. परतल्यावर दोन्ही हमूर खाल्ले, एक रश्श्यात, एक तळून, तांदळाच्या भाकरीबरोबर. हनीफचाचांनाही बोलावलं. ते जेवताना म्हणाले की सकाळी मासळीवाल्याने त्यांना फार लुबाडलं. मग अब्बांनी आपली किंमत सांगितली, ती कमी निघाली, तेव्हा चाचांना घास गिळवेना.

लढाई संपली, जहाजं आली, आम्ही राहिलो. धनुष्य मी पुढे बरीच वर्षं वापरलं आणि थोडेफार मासेही मारले, पण तरबानी परत दिसला नाही. अब्बांना मी एकदा चष्मा लावून त्या काठापर्यंत नेलं. ते भिंतीवर तरंगत किती तरी वेळ खाली बघत राहिले, आणि वर आल्यावर एवढंच म्हणाले की हे आपल्या बापाला दाखवायला हवं होतं. अब्बा जाऊनही आता बराच काळ लोटला.

हे सगळं लिहून झाल्यावर मी बायकोला वाचून दाखवलं. नसीमा म्हसळ्याची. ती कोळंबी सोलत ऐकत होती, आणि जिथे हसायला हवं तिथे हसली नाही. मला वाटलं, आवडलेलं दिसत नाही. मी कागद गोळा करायला लागलो, तेव्हा ती हातातली कोळंबी खाली ठेवून म्हणाली, "मी तेव्हा त्या घरात असते ना, तर तिसरा हमूर मी आणला असता."